कोडे आजोबांना घालू द्या



‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे फार स्वस्त झाली आहे. आजोबा चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधू लागले, की नातू हसतो आणि कुणीतरी ही म्हण ऐकवून मोकळा होतो. तोच चष्मा तिशीतल्या मुलाने शोधला, तर त्याला आपण कामाची घाई म्हणतो. म्हाताऱ्या माणसाला असे चार वेळा ऐकावे लागले, की तो बोलणेच कमी करतो. बोलणे थांबले की बुद्धीचे काम थांबते. म्हणून या आठवड्यात खत-फवारणी जरा बाजूला ठेवू आणि साठीनंतरच्या बुद्धीच्या मशागतीचा विचार करू.

विषय निघाला तो अंबडमुळे. नाशिक शहरातले हे मूळचे शेतीचे गाव. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, 1970 साली सिडको आली, आणि पुढच्या काळात या परिसरातली रानेच्या राने कारखान्यांत आणि घरांच्या वसाहतींत गेली. आज मुले-नातू कारखान्यांच्या पाळ्यांवर जातात. दिवसभर घरी उरतात ते आजोबा आणि आजी. त्यांतल्या कितीतरी जणांनी तरुणपणी याच मातीत औत हाकले, खुरपणी केली. तिकडे गेले की हल्ली पिकाच्या आधी दुसराच प्रश्न येतो. “साहेब, मोबाइलवर मेंदूच्या व्यायामाचे खेळ आलेत. वडिलांना फार विसरायला होते. त्यांना ते देऊ का? पैसे भरावे लागतात, भरू का?”

प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. त्यात पैसा आहे आणि पैशाहून मोठी अशी आई-बापांविषयीची काळजी आहे. म्हणून उत्तर नीट तपासून दिले पाहिजे.

खेळाने काय होते, काय होत नाही

अमेरिकेत 1998 साली या विषयावर एक मोठा प्रयोग सुरू झाला. वय वर्षे 65 च्या पुढच्या 2,832 स्त्री-पुरुषांचे चार गट पाडले. एका गटाला लक्षात ठेवण्याचा सराव दिला, दुसऱ्याला तर्क करण्याचा, तिसऱ्याला डोळ्यांनी चटकन टिपण्याचा, आणि चौथ्याला काहीच नाही. निष्कर्ष असा निघाला, की ज्याला ज्या गोष्टीचा सराव दिला त्यात तो सुधारला. लक्षात ठेवण्याचा सराव केलेला माणूस तर्कात पुढे गेला, असे मात्र झाले नाही. ज्या वाफ्याला पाणी दिले तो भिजला, शेजारचा कोरडाच राहिला. 10 वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा तर्काचा आणि चटकन टिपण्याचा फायदा टिकला होता, पाठांतराचा ओसरला होता. चटकन टिपण्याच्या सरावाबद्दल तज्ज्ञांना आजही आशा वाटते. पण तो सराव जाणकारांनी आखून, समोर बसवून करून घेतलेला होता. फोनवर येणाऱ्या प्रत्येक खेळाला त्याचे पुण्य लागू होत नाही.

जाहिराती मात्र ते पुण्य खुशाल आपल्या नावावर लावतात. ‘ल्युमॉसिटी’ नावाचे खेळ विकणाऱ्या अमेरिकन कंपनीला 2016 साली 20 लाख डॉलर भरावे लागले. या खेळांनी म्हातारपणाची विस्मृती लांबते, अशी जाहिरात कंपनीने पुरेशा पुराव्याशिवाय केली, असा तिथल्या सरकारी व्यापार आयोगाचा आरोप होता. बियाण्याच्या पिशवीवर काही छापले असले तरी आपण शंभर दाणे गोणपाटात गुंडाळून उगवण पाहतोच ना? खेळाच्या जाहिरातीलाही तोच नियम लावावा.

मग काहीच उपयोग नाही का? आहे. फिनलंड देशात 60 ते 77 वयाच्या 1,260 लोकांवर दोन वर्षे एक प्रयोग झाला आणि 2015 साली तो प्रसिद्ध झाला. एका गटाला चार गोष्टी एकत्र दिल्या: नीट आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख. दुसऱ्या गटाला नेहमीचा आरोग्यसल्ला दिला. चारही गोष्टी मिळालेल्यांची बुद्धी तुलनेने चांगली राहिली. आपल्या भाषेत सांगायचे, तर नुसत्या युरियावर पीक येत नाही. माती, पाणी, खत आणि राखण सगळेच लागते. कोडी हा त्यातला एक हप्ता समजावा.

डोके पडीक कशाने पडते

आता अंबडच्या आजोबांकडे वळू. रान होते तेव्हा पहाटे उठल्यापासून त्यांच्या डोक्याला काम असे. आज पाणी कोणत्या वाफ्याला द्यायचे, आभाळ कसे आहे, मजूर किती लागतील, कोणत्या बैलाचा खूर दुखतो, अडत्याकडे किती बाकी आहे. हे सगळे बहुतेक तोंडीच चाले. आपला रुपया 1957 सालच्या 31 मार्चपर्यंत 16 आण्यांचा होता. आज जे ऐंशीच्या घरात आहेत त्यांनी शाळेत आण्यांचेच हिशोब केले. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे त्यांना पाठ असत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आजच्या मुलाला तो फोनशिवाय येणार नाही.

आजीचे डोकेही रिकामे नव्हते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या सांगणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणी शाळेची पायरी न चढलेल्या होत्या. वही नाही, पुस्तक नाही. सगळा साठा डोक्यात आणि गळ्यात.

रान गेले, जाते गेले आणि त्याबरोबर ही रोजची कामेही गेली. पैसा आला, पंखा आला, पण दिवसभरात निर्णय घ्यावा अशी एकही गोष्ट उरली नाही. नांगर न लागलेल्या रानात हरळी माजते. हे अंबडपुरतेच नाही. जमीन असलेल्या घरातही मुलगा कारभार हातात घेतो आणि बापाला म्हणतो, “दादा, तुम्ही आता आराम करा.” मुलाच्या मनात माया असते. पण संपूर्ण आराम म्हणजे रान पडीक टाकणे.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगितली पाहिजे. शेती केली म्हणून विस्मृतीचा आजार होत नाही, असे मुळीच नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा, की भारतात साठीपुढच्या दर शंभरांत सात-आठ जणांना, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना हा आजार आहे. तो शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळला. शाळा न मिळणे, रक्तदाब-साखरेचा इलाज न होणे, कानांकडे दुर्लक्ष अशा कारणांनी त्याचा धोका वाढतो, आणि यांतली बरीच आपल्या खेड्यांत आहेत.

कोडे घालायचे कुणी?

या आठवड्यातली मुख्य गोष्ट आता सांगतो. आपल्या परंपरेत कोडे घालत असे ते वडीलधारे माणूस आणि सोडवत असत ती पोरे. कोकणात-गोव्यात त्याला हुमाण म्हणतात, खानदेशात आणि आपल्या बागलाणकडे अहिराणीत आन्हा म्हणतात. रीत सगळीकडे तीच. चाळीसगावजवळच्या पाटण इथे ज्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेव याने मठ उभारला आणि शिलालेख कोरवला, त्या भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास ‘लीलावती’ लिहिली. त्यातही अवघड गणिते भुंगे, मोर, मोत्यांचा हार यांच्या गोष्टी करून विचारली आहेत. प्रश्न विचारणारा जाणता, उत्तर शोधणारा शिकाऊ.

फोनवरच्या खेळाने ही रीत उलटी केली. तिथे प्रश्न फोन विचारतो, पाठीमागे घड्याळ धावते आणि आजोबा परीक्षेला बसलेले असतात. अंबडच्या एका घरात असेच झाले. नातू मोठ्या हौसेने आजोबांना प्रश्न वाचून दाखवी. परदेशातल्या राजधान्या, सिनेमांची नावे, क्रिकेटचे आकडे. उत्तर चुकले की फोन ‘टर्र’ करी आणि लहानगी नात टाळ्या पिटून हसे. चार दिवसांनी आजोबा डोके दुखते म्हणून उठून जाऊ लागले. घरातल्यांना वाटले, विस्मरण वाढले. मग सूनबाईने एक शहाणपण केले. तिने फोन बाजूला ठेवला आणि म्हणाली, “दादा, आज तुम्ही या पोरांना कोडे घाला.” म्हातारा जरा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “जमिनीत जन्मतो, चुलीपाशी बाईला रडवतो, बाजारात मालकाला रडवतो. सांगा कोण?” पोरांनी डोके खाजवले. उत्तर कांदा, हे नाशिककरांना सांगायला नको! त्या रात्री आजोबांनी आणखी सहा कोडी घातली.

कोडे सोडवायला आठवावे लागते. घालायला मात्र आठवावे लागते, जुळवावे लागते, समोरच्याचा अंदाज घ्यावा लागतो आणि उत्तर पोटात ठेवावे लागते. त्यात डोक्याला जास्त काम आहे, आणि शिवाय मान आहे. घरात मान असला की माणूस बोलतो, चारचौघांत बसतो. एकटेपणा हेही या आजाराच्या धोक्याच्या कारणांपैकी एक आहे, हे तज्ज्ञांनी मान्य केलेले आहे.

घरच्या घरी काय खेळावे

रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास टीव्ही बंद ठेवा आणि यातले काहीही करून पाहा. खर्च काही नाही.

बियांची पिशवी: कापडी पिशवीत तूर, मूग, मटकी, कुळीथ, करडई, जवस, खुरासणी यांचे थोडे थोडे दाणे लहान पुरचुंड्यांत बांधा. आजी एक पुरचुंडी सोडून नातवाच्या मिटल्या डोळ्यांपुढे हातावर ठेवील. त्याने नुसत्या स्पर्शाने ओळखायचे. मग आजीने त्या बियाण्याची एक गोष्ट सांगायची: कधी पेरायचे, कशात मिसळायचे, कशाची भाजी चांगली लागते. मुलांना पीक कळते आणि आजीच्या आठवणींना वाट मिळते.

पावसाची नक्षत्रे: मृगापासून हस्तापर्यंत नऊ नावे क्रमाने म्हणायची. कोणत्याचे वाहन यंदा काय आहे ते पंचांगात पाहायचे. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. मघाचा सासूंचा, पूर्वाचा सुनांचा. ही नावे कशी पडली असतील हे आजोबांना विचारा आणि कोणत्या वर्षी कोणत्या नक्षत्राने दगा दिला तेही विचारा. एकाच प्रश्नातून तासभर गप्पा निघतील.

पंपाचा हिशोब: हे कोडे करमणुकीचे आहे आणि कामाचेही. 200 लिटर द्रावण फवारायचे आहे. पाठीवरचा पंप 15 लिटरचा. औषध लिटरला 2 मिली. पंप किती भरतील आणि शेवटच्या पंपात औषध किती टाकाल? तेरा पंप पूर्ण भरतील, त्यात प्रत्येकी 30 मिली. शेवटी 5 लिटर उरेल, त्यात फक्त 10 मिली. घाईत शेवटच्या पंपातही 30 मिली ओतणारे तरुण मी पुष्कळ पाहिले आहेत. तिप्पट औषधाने कोवळी पाने करपतात आणि फवारणाऱ्याच्या अंगावरही तेच उडते. हिशोब तपासायला आजोबांना बसवा, पण औषधाची बाटली मात्र त्यांच्या हाती देऊ नका.

गावांच्या भेंड्या: गाण्यांच्या भेंड्या सर्वांना येतात, तशा गावांच्या खेळायच्या. नाशिक म्हटले की ‘क’चे कळवण. ‘ण’वरून गाव सापडत नाही म्हणून ‘न’ घ्यावा, निफाड. मग डुबेरे. ज्याने गाव सांगितले त्याने तिथे कोण पाहुणे आहेत किंवा कोणता बाजार भरतो हेही सांगायचे.

टीव्हीवरचे प्रश्न: ‘कौन बनेगा करोडपती’ 2000 सालापासून घरोघरी पाहिले जाते. बघायचे असेल तर एक नियम करा: पर्याय दिसायच्या आत उत्तर सांगायचे. चारातून ओळखणे सोपे, मनातून काढणे अवघड. सराव होतो तो अवघड गोष्टीने. वर्तमानपत्रातले शब्दकोडेही दोघांनी मिळून सोडवावे. एकाने वाचावे, दुसऱ्याने सुचवावे.

तीन पथ्ये पाळा. घड्याळ लावू नका. चुकीला हसू नका. आणि तेच ते कोडे रोज घालू नका, कारण पाठ झालेल्या कोड्यात मेंदूला नवे काम राहत नाही. आजोबांना फोनवरचा खेळ मनापासून आवडत असेल तर खुशाल खेळू द्या. करमणूक म्हणून तो चांगलाच आहे. औषध म्हणून पैसे मात्र भरू नका.

पैशाच्या खेळापासून सावध

‘प्रश्नाचे उत्तर द्या आणि पैसे जिंका’ असे सांगणाऱ्या खेळांपासून म्हाताऱ्या माणसांना जपा. पैसे लावून ऑनलाइन खेळायच्या खेळांवर संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये कायदा करून बंदी घातली आहे. तरीही असा निरोप फोनवर आला, तर तो फसवणुकीचा समजावा. बक्षीस लागले म्हणून कुणी बँकेचा खाते क्रमांक किंवा फोनवर आलेले आकडे मागितले, तर सांगू नयेत. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. जमिनीच्या मोबदल्याची रक्कम बँकेत असलेल्या घरांनी तर हे भिंतीवर लिहून ठेवावे.

जे कोड्याने सुटत नाही ते

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे निराळे आणि चष्मा कशासाठी असतो हे न उमगणे निराळे. रोजच्या वाटेवर रस्ता चुकणे, तोच प्रश्न दहा मिनिटांत पाच वेळा विचारणे, ओळखीच्या नोटा मोजता न येणे, चूल किंवा मोटर चालू ठेवून निघून जाणे, शांत माणूस एकाएकी संशयी होणे, ही लक्षणे दिसली तर कोडी घालत बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात घेऊन जा.

घाबरू नका. विसरण्याची काही कारणे अगदी साधी आणि बरी होणारी असतात. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता हे एक. शाकाहारी म्हाताऱ्यांत आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी अनेक वर्षे घेणाऱ्यांत ती आढळते. थायरॉइडचा बिघाड, झोपेच्या गोळ्या, मनाची उदासी हीही कारणे असतात. कधी आजी ‘विसरते’ असे वाटते, पण तिला मुळात ऐकूच आलेले नसते. कानात मळ साठलेला असतो किंवा ऐकण्याचे यंत्र लागणार असते. मोतीबिंदूचेही तसेच. 2024 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने धोक्याची 14 कारणे सांगितली. ती सगळी दूर करता आली, तर जगातले जवळजवळ 45 टक्के विस्मृतीचे आजार टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा हिशोब आहे. त्यांत ऐकू कमी येणे, नजर कमी होणे, रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचे धूम्रपान, दारू, बैठे आयुष्य आणि एकटेपणा हे सगळे आहे. याउलट, कालपर्यंत ठीक असलेला माणूस एकदोन दिवसांत बरळू लागला तर ते म्हातारपण समजू नका. लघवीचा संसर्ग, साखर एकदम उतरणे किंवा पक्षाघात असू शकतो; त्याच दिवशी दवाखाना गाठा. वडीलधाऱ्यांच्या कोणत्याही अडचणीसाठी 14567 हा मोफत क्रमांकही आहे.

तेव्हा अंबडच्या मुलाला माझे उत्तर असे: खेळाचे पैसे भरू नकोस. त्यातूनच वडिलांचे कान, डोळे, रक्तदाब आणि रक्त तपासून घे. रोज त्यांच्याबरोबर चार पावले चाल. आणि घरातला एक तरी खरा निर्णय त्यांच्याकडे राहू दे: परसातल्या भाजीचा, दुधाच्या हिशोबाचा, लग्नाच्या आहेराच्या यादीचा.

आता या आठवड्याचे कोडे. गुंठा म्हणजे 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद तुकडा, आणि एकराचे गुंठे 40. तर साडेतीन एकरांत औटकीच्या पाढ्याने गुंठे किती? आणि त्यातून सव्वा एकर विकले, तर उरले किती? उत्तर पुढच्या अंकात छापणार नाही. फोनवर शोधू नका, कागदही घेऊ नका. घरातल्या वयाने मोठ्या माणसाजवळ जाऊन बसा आणि त्यांच्याकडून समजून घ्या.